घरटी एकच पान

आई,

परवा शनिवारी संध्याकाळी अभ्यासिकेतल्या कंप्युटरसमोर बसून मी मोठ्याने "घरटी एक" असं म्हणाले आणि शेजारी बसलेली मुलगी दचकली. काकूंचं डोकं फिरलं असं तिला वाटलं असणार. फिरलेलंच होतं म्हणा. पण त्याची हकिगत तुला सांगायला हवी, कारण त्यात तुझाच हात आहे. तू गेलीस तेव्हा आपल्या घरात कंप्युटर सोड, फोनसुद्धा नव्हता. मी ऑफिसात कीबोर्ड बडवते म्हणजे टायपिस्ट आहे, अशीच तुझी शेवटपर्यंत समजूत होती. "बोटां दुखतत काय गो?" असं विचारायचीस आणि खोबरेल लावून द्यायचीस. मी कंप्युटर डिपार्टमेंटला होते, मोठमोठी मशिनं सांभाळत होते, हे तुला समजावायचा मी एकदा प्रयत्न केला होता. तू सगळं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, "म्हणजे टायपिंगच मां?" मग मी नाद सोडला.

आपली लालबागची चाळ आता उभी नाही. त्या जागी टॉवर आलाय. आपल्या गणपती मंडळाला तळमजल्यावर दोन खोल्या मिळाल्या. एकीत मंडळाचं ऑफिस आणि दुसरीत अभ्यासिका. रिटायर झाल्यापासून अभ्यासिका मी बघते. आजूबाजूच्या ज्या चाळी अजून तग धरून आहेत तिथली पोरं येतात. एका खोलीत टीव्ही चालू, आजोबा खोकतायत, कुकर शिट्ट्या मारतोय, मग पोरीने पोलीस भरतीचा अभ्यास करायचा कुठे? तू आम्हा दोघी बहिणींना गॅलरीत पोतं टाकून बसवायचीस आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "वायच बाजून जावा, चेडवां अभ्यास करतंत" म्हणून हाकलायचीस, तसलाच प्रकार. तर इथे एका ऑफिसाने भंगारात काढलेले कंप्युटर आहेत. म्हातारे आहेत, पण चालतात. मी त्यांच्यावर लिनक्स टाकलं. ही कंप्युटर चालवणारी एक व्यवस्था असते, फुकट मिळते, आणि तिची खुबी अशी की नको ते काढून हवी तेवढीच ठेवता येते. मी इंटरनेट बघायला ब्राउझर ठेवला, लिहायला एक प्रोग्राम ठेवला आणि बाकी सगळ्यांना दाराबाहेर काढलं. मशीनच्या पोटात जागाच तेवढी होती. आपल्या खोलीत माळ्यावर होती तेवढी.

गणपती आटोपले आणि गडबड सुरू झाली. परीक्षेचे सराव पेपर ज्या वेबसाइटवर असतात ती उघडेना. आमचा ब्राउझर फार जुना झाला होता, ती त्याला ओळखच देईना. पोरं यायची, रिकाम्या पडद्याकडे बघायची आणि जायची. कमिटीला तेवढंच निमित्त हवं होतं. मंडपाचं सामान ठेवायला जागा नाही, खांब, पडदे, मखराचे तुकडे सगळं पार्किंगमध्ये पडलंय आणि सोसायटीवाले रोज बोंबलतायत. सेक्रेटरीने मला स्पष्ट सांगितलं, "ताई, रविवारी मीटिंग आहे. मशिनं चालली तर ठीक. नाहीतर खोली सामानाला देऊन टाकू असं सगळ्यांचं म्हणणं आहे. माझं नाही हां, सगळ्यांचं." हा सेक्रेटरी म्हणजे आपल्या खालच्या मजल्यावरच्या, गिरणीत कामगार भरणाऱ्या जॉबरचा नातू. आजोबांसारखाच गोड बोलतो आणि काम करून मोकळा होतो. मी म्हटलं, "रविवारी ये आणि बघ."

त्यात ह्या सेक्रेटरीने मला मदत करायची ठरवली. मी बँकेत गेले असताना एका मशीनसमोर बसून त्याने अपडेट चालू केलं. मी परत आले तर मशीन आडवं. सुरूच होईना. "ताई, आईशप्पथ, मी फक्त नवा ब्राउझर मागितला. त्याने लंबी लिस्ट दाखवली, खाली विचारलं, करू का? मी हो म्हटलं. आता नाही कोण म्हणतं?" मी पेन ड्राइव्ह लावून आत डोकावले. एका ब्राउझरच्या मागून अख्खी वरात आत शिरली होती. प्रिंटरचा कारभार बघणारे आले होते, आणि आमच्याकडे प्रिंटर नाही. गाणी वाजवणारे आले होते, आणि मशीनला स्पीकर नाही. टपाल बघणारे, फोटो लावणारे, पडदा सजवणारे, सगळे. जागा ठार संपली आणि मशीनने मान टाकली. त्याच्याकडे बघताना मला बाबा दिसले.

ताईचा साखरपुडा आठवतो ना? तुला काय विचारायचं, तू तो विसरणं शक्यच नाही. तू बाबांना पढवून पाठवलं होतंस की चाळीत आमंत्रण घरटी एक द्यायचं. ह्या अभ्यासिकेतल्या पोरींना घरटी आणि चूलबंद ह्यांतला फरक मला समजावावा लागतो. घरटी एक म्हणजे प्रत्येक घरातून एकाने यायचं, आणि चूलबंद म्हणजे त्या घरची चूलच त्या दिवशी पेटायची नाही, सगळं घर आपल्याकडे जेवायला. बाबा पहिल्या पाळीवरून आले, इस्त्रीचा शर्ट घालून निघाले, आणि पहिल्याच दारात वहिनींनी "या हो, बसा, चहा घ्या" म्हटल्याबरोबर विरघळले. "चूलबंद या हां सगळे," म्हणाले. एका दारात म्हटल्यावर पुढच्या दारात कमी कसं म्हणणार? सगळी चाळ चूलबंद करून आले. रात्री जेवताना त्यांनीच हसत हसत सांगितलं. तू हातातला डाव खाली ठेवलास. ओरडली नाहीस. "जेवा तुमी," एवढंच म्हणालीस, आणि बाबांनी ताट सरकवलं.

सकाळी तू लुगडं बदललंस, माझा हात धरलास आणि निघालीस. मी तिसरीत की चौथीत. प्रत्येक दारात तू उभी. "वैनी, काल ह्येंनी चूलबंद सांगल्यानी. तां चुकला. पान घरटी एकच आसा. राग येतलो, ठाऊक आसा माका. पण पंगतीतसून कोणाक उठवचा लागला तर ता मरणापरास वायट." दिलेलं आमंत्रण परत घ्यायला कोणी जातं का? कोकणातल्या माणसाने तर जन्मात केलं नसतं. कोणी हसलं, कोणी दार लोटून घेतलं, कोपऱ्यातल्या काकी पुढे कितीतरी महिने आपल्याशी बोलल्या नाहीत. तू पुढच्या दाराकडे चालत राहिलीस. फक्त एका दारात वेगळं घडलं. टोकाच्या खोलीत त्या दोघी म्हाताऱ्या बहिणी राहायच्या, थोरलीला दिसत नव्हतं. तिथे धाकटीच आपणहून म्हणाली, "मी नाय येणंय, हीच येतली." तू म्हणालीस, "तुमी दोघीय येवा. ती एकटी पानार बसतली कशी?" जिन्यात मी विचारलं, मग त्यांना दोन पानं का? तू म्हणालीस, "ज्येच्याशिवाय चलना नाय, ता पावणा न्हय गो. ता त्येच्यातलाच." साखरपुड्याला अन्न पुरलं, जागा पुरली, आणि कोणीही अर्ध्या पोटी उठलं नाही.

लिनक्समध्ये हेच असतं, आई. एक पॅकेज, म्हणजे एका प्रोग्रामाचं गाठोडं, बोलावलं की त्याचे दोन जातींचे सोबती असतात. काही असे की ज्यांच्यावाचून ते उभंच राहू शकत नाही. आणि काही नुसते शिफारशीचे, आलाच आहात तर ह्यांनाही घेऊन या, बरं वाटेल. मशीन मुळात बाबांच्या स्वभावाचं. त्याला काही सांगितलं नाही तर ते सगळ्यांना चूलबंद सांगून येतं. पण एक सूचना अशी असते की ती दिली की शिफारशीवाले दारातच थांबतात. सेक्रेटरीला ही सूचना माहीत नव्हती. मला माहीत होती.

सगळ्यात आधी त्याचं आडवं मशीन रिकामं करून पुन्हा मांडलं. मग एकेक घेतलं. आधी मशीनला म्हणायचं, काही करू नकोस, काय करणार आहेस ते नुसतं बोलून दाखव. ते यादी दाखवतं. ती यादी मी ओळ न ओळ वाचली. सेक्रेटरी मागे उभा राहून जांभया देत होता. "ताई, एवढं काय वाचता? आमदारांच्या ऑफिसात शब्द टाकू का? नवे कोरे देतील." मी विचारलं, "आणि बदल्यात?" "बाहेर त्यांचा बोर्ड. आणि महिन्यातून एखादा कार्यक्रम खोलीत. हळदीकुंकू वगैरे." म्हटलं, "म्हणजे एका मशीनच्या मागून बोर्ड, बोर्डामागून हळदीकुंकू, आणि पोरं जिन्यावर. नको मला." तो हसला. म्हणाला, "ताई, तुम्ही लई कडक." कडक तर कडक. मी यादीतल्या एकेकाला विचारत गेले की तू नसलास तर कोणाचं अडेल? ज्याला उत्तर देता आलं नाही त्याला बाहेर ठेवलं. शेवटी कोणाच्याच कामाचा नसलेला जुना पाला पडला होता तो झाडून काढायची आज्ञा मशीनला दिली. मशिनं हलकी झाली, भराभर सुरू व्हायला लागली, वेबसाइट उघडली. मी खूश. शनिवारी दुपारी हात झटकले.

आणि शनिवारीच संध्याकाळी, वर सांगितली ती मुलगी आली. चिंचपोकळीहून चालत येते, बाप वर्कशॉपमध्ये लेथवर आहे. भरतीचा पेपर उघडून बसली आणि थोड्या वेळाने माझ्या टेबलाशी आली. "काकू, प्रश्नच दिसत नाहीत. नुसते चौकोन आहेत." जाऊन बघते तर खरंच. इंग्रजी पेपर स्वच्छ, आणि मराठीच्या जागी ओळीने चौकोन. सगळ्या मशिनांवर तेच. दुसऱ्या दिवशी मीटिंग, आणि लालबागच्या अभ्यासिकेत मराठी दिसत नाही. अगं, सेक्रेटरीला एवढंच पुरलं असतं. मी तिला म्हटलं, "बस, मला अर्धा तास दे," आणि शोधायला लागले. फार शोधावं लागलं नाही. मराठी अक्षरं काढणारे फॉन्ट मुळात कोणाच्या तरी शिफारशीवर आत आलेले होते. मशीनच्या लेखी ते कोणाच्याच कामाचे नव्हते, म्हणून पाला झाडताना तेही गेले. झाडू मीच मारला होता. माझ्याच भाषेला मी शिफारशीवाल्यांबरोबर बाहेर काढलं होतं.

म्हणून मी "घरटी एक" असं मोठ्याने म्हणाले, स्वतःवर चिडून. पहिला अर्धा धडा मी पाठ केला होता आणि टोकाच्या खोलीतला विसरले होते. फॉन्ट परत आणले. आणि नुसते आणले नाहीत. प्रत्येक मशीनला लिहून सांगितलं की हे कोणाच्या मागून आलेले नाहीत, मी स्वतः नाव घेऊन बोलावलेत, ह्यांना पुन्हा कधी झाडायचं नाही. तशी नोंद करता येते. एकेक मशीन परत सुरू केलं आणि त्या मुलीला बसवून सगळ्यांवर पेपर उघडायला लावला. जोडाक्षरंसुद्धा वाचून घेतली तिच्याकडून. ती वैतागली. मी सोडली नाही.

मीटिंगला मी भाषण केलं नाही. कमिटीला खोलीत बोलावलं आणि पोरांना अभ्यास करू दिला. एक जुने सभासद चष्मा पुसून पडद्याजवळ वाकले, एक प्रश्न मोठ्याने वाचला आणि उत्तर चुकीचं दिलं. मुलगी म्हणाली, "आजोबा, ब येईल." सगळे हसले. सामान पार्किंगमधून हलवून गिरगावच्या कोणाच्या तरी गोदामात टाकायचं ठरलं. खोली वर्षभर तरी आमची आहे. "वर्षभराने बघू," असं ते म्हणाले. मी म्हटलं, बघा. वर्षभराने मी इथेच बसलेली असेन.

हे पत्र कुठे टाकणार मी? आपल्या पत्त्यावर आता लिफ्ट आहे. ते ड्रॉवरमध्येच राहील. पण जी गोष्ट कमिटीसमोर बोलले नाही ती तुला सांगून टाकते. पोरांसाठी खोली, पोरांसाठी खोली असं मी सगळीकडे बजावत फिरले, आणि ते खोटं नव्हतं. पण आमचे हे गेल्यापासून आणि लेक बंगळुरात राहायला लागल्यापासून संध्याकाळी घरात मी एकटीच असते, आणि एकटीसाठी भात टाकायला हात उचलत नाही. खोली गेली असती तर पोरांनी कुठेतरी बस्तान मांडलं असतं, एखाद्या गच्चीवर, नाहीतर दादरच्या लायब्ररीत. दिवेलागणीला मी कुठे जाऊन बसले असते, ते मला माहीत नव्हतं.