मार्गदर्शक कसा असावा

२ जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

भूगोलाच्या एम. ए.ला प्रवेश मिळाला! भाची मामाच्या वळणावर गेली, असं आई दारोदार सांगत सुटलीय. बाबांचं म्हणणं, नकाशे फोनमध्ये आले, आता ही दोन वर्षं करणार काय?

नदीनं पात्र बदललं आणि काठच्या वस्त्या उठल्या, त्यावर प्रबंध लिहायचा आहे. नद्यांवर काम करणाऱ्या एका बाईंनी सोमवारी भेटायला बोलावलंय. मार्गदर्शकाकडून काय अपेक्षा ठेवायची? तुझ्या हाताखालून तीस वर्षं पोरं गेली, तूच सांग. नुसता 'अभ्यास कर' असा उपदेश नको, तो घरात भरपूर मिळतो.

तुझी लाडकी (दुसरी भाचीच नाही म्हणून),
भिंगरी

६ जून

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून छाती फुगली. आता नीट ऐक. विषय तुझा तू न्यायचा, पण तो दोन वर्षांत पेलणार नसेल तर मार्गदर्शकानं पहिल्याच महिन्यात तोंडावर सांगावं. आठवड्याला एक तास तुझ्या हक्काचा. दिलेलं प्रकरण पंधरा दिवसांत वाचून, समासात शेरे लिहून परत यावं. एकदा तरी तुझ्याबरोबर त्यांनी नदीत उतरावं. खुर्चीत बसून नदी कळत नाही. शिफारसपत्र मागितलं की वेळेत मिळावं. यातलं एक जरी जमणार नाही म्हणाल्या, तर सरळ दुसरं दार बघ.

तूही रिकाम्या हातानं जाऊ नकोस. ताईला माझा नमस्कार सांग.

तुझा,
मामा

११ जून

ती. मामास,
शि. सा. न. वि. वि.

बाईंना भेटले. खोली एवढीशी, खिडकीत मातीच्या नमुन्यांच्या बरण्या. तुझं पत्र समोर धरून एकेक विचारत गेले. त्या म्हणाल्या की लिहिणारा जाणकार दिसतो, कोण? मी ऐटीत तुझं नाव सांगितलं. त्यांचं हसू गेलं.

त्या तुझ्याच विद्यार्थिनी, मामा. त्यांचं तिसरं प्रकरण चौदा महिने तुझ्या टेबलावर होतं. परत आलं तेव्हा पहिल्या पानावर एक स्वल्पविराम दुरुस्त केलेला, पुढे सगळं कोरं. शिष्यवृत्तीसाठी शिफारसपत्र हवं होतं. शेवटच्या दिवशी संध्याकाळपर्यंत त्या तुझ्या दाराबाहेर बाकावर बसून होत्या. तू आत होतास. चहा आत जाताना त्यांनी पाहिला.

हे खोटं असेल तर लगेच लिही, मी भांडून येते.

तुझी,
भिंगरी

१९ जून

चि. भिंगरीस,
आशीर्वाद.

खरं आहे. तिला आठवायला मला दोन दिवस लागले, त्याची जास्त लाज वाटली. त्या वर्षी मला विभागप्रमुख व्हायचं होतं. मुलांचे कागद सोडून बाकी सगळे कागद मी वाचले. तिचं प्रकरण वाचलंच नव्हतं, तर शिफारस कशाची करणार? ती कंटाळून कधी जाते, याची वाट बघत आत बसलो.

तुला लिहिलेलं सगळं मला तोंडपाठ होतं, कारण दर वर्षी पहिल्या दिवशी मी ते फळ्यावर लिहायचो.

सोबत तिच्यासाठी पाकीट आहे, तेवढं दे. ताईला कळू देऊ नकोस.

मामा

२९ जून

ती. मामांना,
नमस्कार.

पाकीट बाईंनी न उघडता परत दिलं. वाचायला वेळ नाही, एवढंच म्हणाल्या. ते सोबत पाठवत आहे.

मी त्यांच्याकडेच नाव घातलं. पहिल्याच बुधवारी त्यांनी माझा विषय निम्मा कापला. मला रडू आलं, पण का कापला ते तीन पानं भरून लिहून दिलंय.

परवा पाहुण्यांपुढे आई सांगत होती की माझ्या भावानं किती जणांची आयुष्यं उभी केली. मी उठून आत गेले. तिला तुम्हीच सांगा. तुमच्यासाठी तिच्याशी खोटं बोलणं मला जमणार नाही. पुढच्या महिन्यात तुम्ही येणार म्हणून तिनं तुमची खोली झाडून ठेवलीय. त्या आठवड्यात मी घरी नसेन.

लोभ आहेच. तो कमी कसा करायचा, ते मला कळत नाही.

आपली,
भाची