शेंडा पाखरांचा

माघी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, १९५८

सुमे, काल कुठवर सांगितलं होतं? विसरलीस ना! मला अक्षर येत नाही, तरी सगळं लक्षात असतं. तू शाळेत जातेस आणि डोक्याला भोक. लिही.

आज कोळशाचा ठेकेदार खळ्यात आला. माझ्या लेकानेच, तुझ्या बापाने, मुंबईहून निरोप धाडलेला, डोंगरावरची ऐनाची झाडं विकून टाका म्हणून. त्या झाडांच्या फांद्या जाळून राखेत भाताचं बी पेरतो आम्ही. डोंगर बोडका झाला तर पेरायचं कशात?

मी तोंड उघडणार तोच तुझी आई पुढे झाली. हीच ना ती, सून होऊन आली त्या पहिल्या वर्षी कोयता घेऊन चढली आणि झाडाचा शेंडाच छाटून आली? किती बोलले होते तिला! फांदी घ्यावी, शेंडा राखावा, म्हणजे झाड पुन्हा फुटतं.

ती ठेकेदाराला म्हणाली, "शेंडो पाखरांचो, फांदी आमची, खोड ह्या सुमेच्या पोरांचा. तुमका देऊक काय उरला?"

लाजू नको गो, लिही. तो चहासुद्धा न घेता गेला.

पण शेंडा पाखरांचा, हे मी कधी शिकवलं? नाही शिकवलं. तिचं तिनेच... हे वहीतच राहू दे, तिला वाचून दाखवू नको. मी तिला एवढंच म्हटलं, "चाय थंड झाली, आता तूच पी."

तुझ्या बापाला त्याच राखेतल्या भाताचे उकडे तांदूळ पाठवा. त्याचे आवडते सुके बांगडे मात्र नकोत. ते हवे तर इथे यावं, आणि आधी डोंगर चढावा.