हात लावू नका

बाबा, काल वॉर्डात तुमच्यासारखाच एक माणूस आला होता, म्हणून हे लिहीत बसले आहे. कातडीच्या वॉर्डात नर्स होऊन मला इतकी वर्षं झाली. आपल्या कंधारकडचाच होता तो. बायकोच्या अंगभर फोड. आमची नवी मावशी तिला दंडाला धरून उठवायला गेली आणि मी लांबूनच ओरडले, "हात लावू नका तिला!" तो माणूस ताडकन वळला. "का हो सिस्टर? आमच्यात काय खोट हाय?" ती नजर मी ओळखली. मी त्याला खाली बसवलं, पाणी दिलं आणि सगळं समजावून सांगितलं. पटलं की नाही, देव जाणे, आणि देव तर तुम्ही आपल्या घरातून कधीच बाहेर काढला होता.

माय आजारी पडली त्या वर्षी पाऊस नव्हता. गावात टँकर यायचा. मायचं आधी नुसतं तोंड आलं, भाकरी पाण्यात कालवून खायची. मग पाठीवर, छातीवर पाण्याचे ढिले फोड आले, फुटले की लालबुंद मांस दिसायचं. कुणी देवी म्हणालं, कुणी नागीण. तुम्ही सगळ्यांना उडवून लावलंत. मग टँकरपाशी पाटलाची सून मायला म्हणाली, "मास्तरीनबाई, तुमची घागर जरा लांब ठिवा. लेकरांचं पानी हाय." तुम्ही भर रस्त्यात भांडलात. "ह्यांना रोग न्हाई खुपत, जात खुपते," असं घरी येऊन दहादा म्हणालात. त्या दिवसापासून आपण टँकरच्या रांगेत उभे राहिलो नाही. तुम्ही शाळा सुटल्यावर सायकलला घागरी बांधून दुसऱ्या गावाहून पाणी आणायचा. त्या बाईच्या मनात भीती होती की जात, हे मला आजही सांगता येत नाही. दोन्ही असेल.

नांदेडला गेलो तो दिवस मला लख्ख आठवतो. डॉक्टरच्या दारावरच्या पाटीवरचं आडनाव तुम्ही दोनदा वाचलंत. तिथंच माझ्या लक्षात आलं, की आता काहीतरी बिनसणार. आत एक बाई मायला धरून टेबलावर चढवायला निघाली. डॉक्टर खुर्चीतून ओरडले, "हात लावू नका!" तुम्ही उभे राहिलात. चेहरा काळाठिक्कर. "ऊठ. हितं न्हाई थांबायचं." डॉक्टर मागून काहीतरी सांगत होते. मी वळून पाहिलं, ते हातात कागद घेऊन दारापर्यंत आले होते. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुमच्यापुढं बोलायची माझी छाती नव्हती. पुढचे दोन महिने मायच्या अंगाला नुसते लेप लागले.

मग मामा तिला लातूरला घेऊन गेला. जिल्हा नवा होता, कचेऱ्यांच्या पाट्यांचा रंग अजून ओला होता, आणि मामाला तिथं नुकतीच शिपायाची नोकरी लागली होती. तिथल्या डॉक्टरनं फोडाशेजारच्या चांगल्या कातडीवर अंगठा दाबून हळूच सरकवला. कातडी भिजलेल्या कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघून आली. माय किंचाळली. आणि तुम्ही मात्र बाहेर येऊन मामाला सांगत होता, "ह्या मानसानं हात तरी लावला!" आपल्याच शरीराची राखण करणारी ताकद उलटते, कातडीचे थर जोडून ठेवणारा डिंकच खाते, म्हणून जरा घासलं तरी कातडी सुटते, रोग एकाचा दुसऱ्याला लागत नाही, गोळ्या बराच काळ घ्याव्या लागतील, मनानं बंद करायच्या नाहीत. हे सगळं त्यांनी सांगितलं. नवे फोड यायचे थांबले, मायचा चेहरा गोल झाला, आपण खूश झालो. पण जुन्या जखमा आधीच नासल्या होत्या. ताप चढला तो उतरला नाही.

तुम्हाला लहानपणी शाळेत दाराबाहेर बसवलं होतं. कुणाच्या ओरडण्याचा काय अर्थ घ्यायचा, हे तुम्ही तिथं शिकलात, आणि बहुतेक वेळा तुमचा अंदाज बरोबरच निघाला. त्या एका दिवशी चुकला; नांदेडचे डॉक्टर मायची कातडी सुटेल म्हणून ओरडले होते. मी नर्सिंग शिकताना त्या रोगाचा धडा आला तेव्हा मला ते कळलं, आणि सुट्टीत घरी आल्यावर मी तुमच्याशी धड बोलले नाही. तुम्हाला वाटलं, पोरगी शिकली, आता बापाची लाज वाटायलीय. तसं नव्हतं. मायला तुम्ही मारलंत असं मला वाटत होतं, आणि ते तुमच्या तोंडावर म्हणायची हिंमत तुम्ही असेपर्यंत झाली नाही. आता लिहिलं तरी हा कागद कुठल्या पत्त्यावर टाकणार?

पण एक गोष्ट राहिली. तुम्ही सगळ्या गावावर संशय घेतलात, डॉक्टरवर घेतलात, मामावरसुद्धा. माझ्यावर कधी घेतला नाही. त्या उन्हाळ्यात मी मायला म्हणाले होते, "माझी वेणी आता मीच घालत जाईन, मी मोठी झाले." तुम्ही कौतुक केलंत, पोरगी शहाणी झाली म्हणालात. बाबा, मला तिच्या हातांची किळस यायची. तुम्हाला कळलं नाही, मायला कळलं होतं. तिनं कंगवा माझ्या हातात दिला, बोटाला बोट लागू न देता.