क्षमा नाही, असं मी म्हणालो होतो

वैशाली नगर, भिलाई
सोमवार, २३ सप्टेंबर २०२४

प्रिय मोनाली,

प्रभूच्या नावाने सलाम. तू आणि नरेशराव खुशाल असाल अशी आशा करतो.

इकडे ठीक आहे. तुझ्या मीनलवहिनीचा गुडघा पावसाळ्यात सुजला, पण ऐकत नाही, काम करतच राहते. मी मार्चमध्ये रिटायर झालो. पस्तीस वर्षं रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करण्यात गेली, आता सकाळी उठून कुठं जायचं ते कळत नाही, म्हणून जुनवानीपर्यंत पायी जाऊन येतो. आईने लावलेलं सीताफळ यंदा फांद्या मोडतील इतकं लदलं आहे.

तू माझा फोन उचलत नाही म्हणून पत्र. हे चौथं आहे. आधीची तीन फाडली, कारण तिन्हींत मी सीताफळाबद्दलच लिहीत बसलो होतो.

मी आता चर्चच्या मंडळीचा वडील नाही, कालच ते पद सोडलं. का, ते सांगायचं म्हणून लिहून राहिलो.

ऑगस्टमध्ये आमच्या मंडळीतली रीना, तू तिला ओळखत नाहीस, नवीन लग्न होऊन आलेली, तिची चार वर्षांची मुलगी तापाने फणफणली. शनिवारच्या प्रार्थनेला ती पोरीला खांद्यावर टाकून आमच्याच घरी आली. सगळे बसलेले होते. माझ्याकडे बघून म्हणते, "काका, तुम्ही सांगा ना, काय करू?"

मोनाली, तीच बैठकीची खोली, तोच शनिवार, दुपारचे तीन. मी तिला वाक्य पूर्ण करू दिलं नाही. "दवाखान्यात चल," म्हटलं आणि स्कूटर काढली. पोरगी पाच दिवसांनी हसत घरी आली.

पुढच्या रविवारी रीना साक्ष द्यायला उभी राहिली आणि म्हणाली, "पवित्र आत्म्याने देवेंद्रकाकांना सांगितलं, म्हणून माझी लेक वाचली." सगळी मंडळी हालेलूया म्हणाली. पाळकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मी उठलो, चपला घालायचंही सुचलं नाही, तसाच बाहेर निघून आलो. मीनल मागून हाका मारत होती.

त्यानंतर मला बसवत नाही. जेवताना उठतो. उपासनेत उठतो. हे लिहितानाही दोनदा अंगणात जाऊन आलो. मीनल म्हणते, बीपी तपासून घ्या. तपासलं. बीपी चांगलं आहे.

शेवटी दुर्गला श्यामराव पाळकांकडे गेलो. आठवतात ना? तुला आणि नरेशरावांना त्यांनीच लग्नात आशीर्वाद दिला. आता चौऱ्याऐंशीचे आहेत, मोहन नगरला मुलाकडे राहतात. एका कानाने काही ऐकू येत नाही, दुसऱ्याने थोडं. मी हळू आवाजात विचारलं, "पाळकसाहेब, ज्याला क्षमाच नाही असं पाप कोणतं?" ते म्हणाले, "आँ? जोरात बोल." मग मला सगळं ओरडून सांगावं लागलं. आत त्यांची सून पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं. तरी मी सांगितलं.

तेच तुला सांगतो. तुला माहीत आहे, तू तिथंच होतीस. पण मी ते माझ्या तोंडाने कधी क्रमाने बोललो नाही. आणि त्यातलं एक तुला माहीत नाही.

अकरा वर्षांपूर्वी त्या शनिवारी तू तुझ्या आजारी शुभंकरला घेऊन माझ्याकडे आली. तेव्हा तुम्ही मोहन नगरलाच होता. नरेशराव मालगाडी घेऊन लाइनवर होते, त्यांचा फोन लागत नव्हता. डॉक्टरांनी तुला सकाळीच सांगितलं होतं की आजच्या आज भरती करा. तू घाबरलेली होती. सगळ्यांसमोर मला म्हणाली, "दादा, तू सांग, काय करू?" मला वडील म्हणून नेमून तीनच आठवडे झाले होते. सगळे माझ्याकडे बघत होते. मी डोळे मिटले. आणि म्हणालो, "आत्मा सांगून राहिला, थांब. उद्याच्या उपासनेत मंडळी हात ठेवून प्रार्थना करील, पोरगं उठून बसेल."

तू थांबली. माझ्यावर भरवसा ठेवून थांबली.

रविवारी उपासनेत त्याची शुद्ध गेली, मान लटकली, तेव्हा तू ओरडली, "हा आत्मा नाही, हा सैतान आहे!" मग गाडी, मग दवाखाना. सोमवारी दुपारी तो गेला. सहा वर्षं, दोन महिने.

आता तुला जे माहीत नाही ते. मोनाली, मला कोणी काही सांगितलं नव्हतं. ना आवाज, ना दर्शन, काही नाही. डोळे मिटले तेव्हा आत फक्त हे होतं की लोक बघून राहिले आहेत आणि मला काहीतरी बोललं पाहिजे. चुकीचं ऐकलं असतं तर वेगळी गोष्ट. मी ऐकलंच नव्हतं. देवाचं नाव घेऊन मी माझंच बोललो.

आणि कबरस्तानात, माती टाकून झाल्यावर, तू परत तेच म्हणाली. हळू म्हणाली, पण चारपाच जणांनी ऐकलं. तेव्हा मी तुला फाटकाजवळ बाजूला घेऊन काय बोललो, ते तू विसरली नसशील. "खून माफ होतो, व्यभिचार माफ होतो. पण पवित्र आत्म्याला सैतान म्हणणाऱ्याला या जगात क्षमा नाही आणि त्या जगातही नाही. शास्त्रात लिहिलं आहे."

मला तुझ्या आत्म्याची काळजी नव्हती. तुझं तोंड बंद करायचं होतं. तुझं बोलणं पाप ठरलं की माझ्या बोलण्याकडे कोणी बघणार नाही, एवढंच. आणि तू गप्प झाली. त्या दिवसापासून तू चर्चची पायरी चढली नाही. आईच्या मातीलासुद्धा फाटकाबाहेर उभी राहिली. आई शेवटच्या आजारात मला विचारायची, "तिले काय बोलला तू? कावून येत नाही ते?" मी म्हणायचो, "काही नाही आई, दुःखात आहे."

श्यामरावांनी चांगला कान माझ्याकडे करून सगळं ऐकलं. मग मी ओरडलो, "साहेब, ज्याला क्षमा नाही ते पाप मीच केलं ना? तिने नाही, मी."

ते म्हणाले, "ते पाप म्हणजे एखादा शब्द नसतो रे. डोळ्यासमोर देवाचं काम दिसून राहिलं आहे, अन् माणूस जाणूनबुजून म्हणतो की हे सैतानाचं आहे, अन् तसाच दार लावून बसतो. ज्याले क्षमा नकोच, त्याले ती कुठून भेटेल? जो भीत भीत विचाराले येतो, त्याचं दार उघडंच हाये."

मला वाटलं, आता सुटलो. रडायला आलं. तर त्यांनी माझं मनगट धरलं. म्हाताऱ्याच्या हातात एवढा जोर असेल असं वाटलं नव्हतं.

"तू मले विचारून राहिला, तुले क्षमा आहे का. तू खोटं बोलला होता, हे तिले जाऊन सांगतलं का?"

"नाही."

"तिने सैतान कशाले म्हटलं? तुझ्या खोट्याले. मग चूक काय म्हटलं तिने? अकरा वर्षं ते पोरगी नरकाच्या भेवात जगून राहिली, अन् तू दर महिन्याले प्रभुभोजन घेऊन राहिला. जा. पहिले ते कर, मग माझ्याकडे ये."

मी खाली मान घालून निघालो. दारात त्यांची सून पाण्याचा ग्लास घेऊन उभी होती. तिने माझ्याकडे बघितलं नाही, पण ग्लास पुढे केला.

काल मी उपासनेत उभा राहिलो. रीनाची साक्ष खोटी आहे, असं आधी म्हटलं. मग तुझं नाव घेऊन सगळं सांगितलं, वर लिहिलं तसंच. पाळक मध्ये म्हणाले, "बस, देवेंद्रभाऊ, बस." मी बसलो नाही. सिंधुताई, ज्या अकरा वर्षांपूर्वीच्या शनिवारीही खोलीत होत्या, उठल्या आणि बाहेर गेल्या. रीनाने लेकीला जवळ ओढून घेतलं. नंतर कोणी माझ्याशी बोललं नाही. मीनलसुद्धा घरी येईपर्यंत नाही. घरी आल्यावर म्हणाली, "मले तरी सांगायचं होतं."

मोनाली, तू कोणतंही पाप केलं नाही. आत्म्याविरुद्ध तू एक शब्द बोलली नाही. हे मी तुला मोठेपणाने सांगत नाही, मोठेपणा उरलाच नाही. मी जे तुझ्या गळ्यात अडकवलं होतं ते माझं होतं, ते काढून घेतो.

नरेशराव तुला म्हणतात ना, तू आई होती, तू कावून थांबली? मीनलच्या बहिणीकडून कानावर आलं. तू त्यांना माझं नाव सांगितलं नाही, हेही कळलं. का सांगितलं नाही ते विचारायची माझी हिंमत नाही. हे पत्र त्यांना दाखव. नाहीतर मी येतो, मीच सांगतो. तू म्हणशील त्या दिवशी येतो. येऊ नको म्हणालीस तर येणार नाही.

क्षमा कर असं लिहिलं होतं, ते खोडलं. तुझ्याकडे परत काही मागायला नको.

खोटं बोललेला,
देवेंद्र



अजनी, नागपूर
९ ऑक्टोबर २०२४

देवेंद्र,

पत्र मिळालं. वहिनीचा गुडघा डॉक्टरला दाखवा, नुसता शेक देऊन चालणार नाही.

तुझं पत्र मी दोन दिवस तांदळाच्या डब्यात ठेवलं. तिसऱ्या दिवशी काढून परत वाचलं.

तुला वाटत असेल मी नरकाला भीत होते. श्यामराव पाळकांनाही तसंच वाटलं. ते पुरुष आहेत. तू म्हणालास क्षमा नाही, तेव्हा मला एवढंच समजलं की शुभंकर जिथं आहे तिथं मला मेल्यावरही जाऊ देणार नाहीत. दुसरं काही नाही. आग असो नाहीतर काहीही असो. मागे मला टायफॉइड झाला तेव्हा मी डॉक्टरच्या पाया पडले की मला मरू देऊ नका. नरेशला वाटलं, हिला जिवाचं किती प्रेम आहे. मी मेले असते तर शुभंकर मला कायमचा परका झाला असता. आता जिवंत आहे तोपर्यंत निदान त्याची आई तरी आहे, असं मी मनाशी धरलं होतं.

तुझं नाव नरेशला का सांगितलं नाही, ते विचारायची हिंमत नाही म्हणतोस. लाज वाटली. भाऊ म्हणाला आणि मी थांबले, असं कोणती आई सांगेल?

त्याला पत्र दिलं. ड्युटीवरून आला होता, बूटही काढले नव्हते, उभ्यानेच वाचलं. मग विचारलं, "हे दादा बोलला होता? तू नाही ठरवलं?" मी म्हटलं, "थांबले तर मीच ना." तो म्हणाला, "मी अकरा वर्षं तुले..." आणि हातपाय धुवायला गेला, नळ चालू ठेवून खूप वेळ आत होता. बाहेर आला तेव्हा म्हणाला, "शुभंकरले वरणात गूळ लागायचा, नाही?" आमच्या घरात ते नाव त्याच्या तोंडून इतक्या वर्षांत पहिल्यांदा ऐकलं. मी म्हटलं, "हो, लागायचा." मग आम्ही जेवलो.

गेल्या रविवारी तो म्हणाला, चल. आम्ही जवळच्या चर्चला गेलो. शेवटच्या बाकावर बसलो. प्रभुभोजनाचं ताट आलं ते मी तसंच पुढे दिलं, घेतलं नाही. पण उठून बाहेर गेले नाही.

तू मागितलं नाहीस, तरी सांगते. मी क्षमा केलेली नाही. देवाने तुला केली असेल तर त्याची मर्जी. मला अजून जमत नाही, आणि जमलं असं खोटं मी बोलणार नाही. घरात एक खोटं पुरे झालं.

यायचं तर ये. पत्रात लिहिलंस ते नरेशसमोर तोंडाने बोल. फक्त रविवारी सकाळी येऊ नको, तेव्हा आम्ही घरी नसू.

तुला दादा म्हणीन की नाही, ते तू दारात आलास म्हणजे कळेल.

मोनाली