रविवार तेवढा खोड

मायलिस,

"तळाशी दोन घोट सूप राहू दे गं, वाईनला आंघोळ घालायचीय!" वाडगा पुढे करून तुझे आजोबा म्हणायचे. पाहुण्यांसाठी आखलेल्या बेताचा फ्रिजवरचा तुझा कागद वाचला आणि तोच आवाज कानी आला.

मी कालवं आणायला बाजारात गेलोय. सूप करून ठेवलंय, फक्त गरम कर. तुझे होणारे सासू-सासरे अकराच्या गाडीने बोर्दोला उतरतील. सासरेबुवांनाही आजोबांसारखी तळाच्या सुपात वाईन ओतून वाडगा तोंडाला लावायला सांग. लाजले तर मी आहेच. कपाटातली बिनलेबलाची बाटली घे. घरची आहे, जपून ओत.

शुक्रवारी वाईनची तळघरं, शनिवारी बदकाचं जेवण, सगळं झकास ठरवलंयस. रविवार तेवढा खोड. "आजोबांच्या द्राक्षवेलींमध्ये जेवण" असं लाल शाईने लिहिलंयस. काल तू विचारलंस, "बाबा, यंदा घड कसे धरलेत?" आणि मी घासलेलीच भांडी पुन्हा घासत राहिलो.

घड धरायला वेली उरल्या नाहीत, पोरी. मार्चमध्येच सगळ्या उपटल्या. वाईन खपेना, आणि सरकार वेली उपटायचे पैसे देत होतं; त्या कागदावर सही मीच केली.