नर्मदाची रजा

३० नोव्हेंबर
उल्हासला जाऊन दोन दिवस झाले; अंतरा बाबांच्या खुर्चीत बसून असते. अहमदीहून त्याच्या ऑफिसातली माणसं येऊन गेली. काय बोलली आठवत नाही.
नर्मदा चहा ठेवताना म्हणाली, "ताई, आईसाठी गावाकडं जायचंय. जाऊ का?" आजारी असेल म्हातारी. मी म्हटलं, तेरावं होऊ दे. बरं म्हणाली, कप उचलून नेले.

१० डिसेंबर
तेरावं झालं. सगळा स्वयंपाक नर्मदाने एकटीने केला. शेजारची विनिता म्हणाली, "नशीबवान आहेस, अशी बाई सालमियात काय, अख्ख्या आखातात शोधून मिळणार नाही."

११ डिसेंबर
नर्मदाने पुन्हा विचारलं. म्हटलं, मासिक होऊ दे. मासिकाला तिचं काय काम? ती गेली तर संध्याकाळी दार उघडायला कोणी नाही — एवढंच खरं. तिचा पासपोर्ट आमच्या पासपोर्टांसोबत कपाटात असतो. सगळ्यांकडे तसाच असतो.

१४ डिसेंबर
ऑफिसला गेले. मिरकाबच्या स्टॉपवर बसमधून उतरायचं विसरले.

१७ डिसेंबर
अंतराला शाळेत अमेरिकेचा नकाशा दिलाय. यादवी युद्धाच्या आधी गुलामगिरी कायदेशीर होती ती राज्यं रंगवायची. तिने केंटकी आणि डेलावेअरही रंगवली. मी म्हटलं, ही तर युद्धात उत्तरेकडून होती ना?
"येस आई, बट दे स्टिल केप्ट स्लेव्ह्ज. टिल द व्हेरी एंड. मुक्तीची ऑर्डर फक्त बंडखोर स्टेट्सना होती."
"मग यांना कोणी काही म्हटलं नाही?"
"दे वेअर द नाइस वन्स."
नर्मदा भाजी निवडत होती. "काय रंगवायलीस गं?"
"जिथून माणसांना जाता येत नव्हतं ना, ते."
"लई मोठं दिसायलंय की," नर्मदा म्हणाली.
मी उठून आत गेले.

१८ डिसेंबर
पासपोर्ट दिला. उद्याचं हैदराबादचं तिकीट काढलं, पुढे देगलूरला बस आहे. परत कधी येशील, असं विचारलं नाही.

२२ डिसेंबर
नर्मदाचा फोन. विचारलं, आई कशी आहे?
म्हणाली, "आई गेली की ताई. तुम्हाला पहिल्यांदा विचारलं, त्याच्या आदल्या दिवशी. तुमच्या तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिचं होतं."
"अगं, सांगितलं का नाहीस?"
"तुमच्या घरात सुतक होतं. त्यात माझं कुठं सांगू?"