सात अक्षरांतले एक

वूस्टर, मॅसॅच्युसेट्स

तीर्थस्वरूप ओव्हिलादादास,

ऑर्टन्सचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा आणि तुझी लेक सोलांज दोन्ही खुशाल आहेत, असे गृहीत धरते.

प्रथम वस्तुस्थिती, क्रमाने. एक : मंगळवारी दुपारी मी प्रयोगशाळेत जेल लावले. दोन : ते पन्नास मिनिटांनी थांबवायचे होते. तीन : ते ऐंशी मिनिटे चालले. चार : दोष माझा नव्हता. (चौथा मुद्दा मी नंतर रद्द केला आहे, तरी नोंदीत राहू दे.)

जेल म्हणजे जेलीची पातळ लादी. तिच्यातून विजेच्या जोरावर आरएनएचे तुकडे खाली सरकतात, आणि जितका तुकडा लहान, तितका तो वेगाने पळतो. मी एकोणीस वर्षे ज्यांचा अभ्यास करते आहे ते सूक्ष्म आरएनए तर सर्वांच्या पुढे असतात. वेळेवर थांबवले नाही, तर लादीच्या तळातून निसटून पाण्यात जातात आणि पाण्याबरोबर मोरीत. माझे गेले. मी माझी सहायिका डीड्रा हिला (अकरा वर्षे माझ्याकडे टिकलेली एकमेव व्यक्ती) विचारले, "गजर लावायला विसरलीस?"

"बाई, तो अर्धा तास बोंबलतोय. तुमच्या कोपराशी. मला वाटलं, माझ्या रजेच्या अर्जाकडे करता तसंच दुर्लक्ष करताय. आणि तुमच्या जेलला हात लावायचा नाही, हा नियम तुमचाच."

कान तपासले. वरचे सूर गेलेले, खालचे निघण्याच्या तयारीत. इस्पितळाने जनुके तपासून 'निर्दोष' असा अहवाल दिला. तो वाचून माझा संताप झाला, कारण त्यांनी जनुकांतल्या फक्त प्रथिने बनवण्याच्या पाककृती वाचल्या होत्या. पाककृती नसलेला मजकूर त्यांच्या लेखी रद्दी! मी लाल शाईने दुरुस्त्या करून अहवाल परत पाठवला आणि कोणता तुकडा वाचायचा, तेही लिहिले. त्यांनी वाचला. दोष सापडला, माझ्याच एका सूक्ष्म आरएनएत.

दादा, मी सहजासहजी थक्क होत नाही, हे तू जाणतोस. पण त्या कागदापुढे मी चष्मा काढून कितीतरी वेळ बसले. बावीस-तेवीस अक्षरांचा हा तुकडा स्वतः काहीही घडवत नाही. तो इतर पाककृतींना बिलगतो आणि म्हणतो, पुरे. एवढेच. आणि त्या एका 'पुरे'वर आतल्या कानाच्या नाजूक केसाळ पेशी वाढतात, उभ्या राहतात, टिकतात. त्यातली सात अक्षरे तो कोणाला बिलगणार हे ठरवतात. आम्ही त्यांना 'बीज' म्हणतो. माझ्या बीजातले एक अक्षर बदललेले आहे. त्यामुळे तो तुकडा भलत्यांना थोपवतो, थोपवायला हव्या त्यांना मोकाट सोडतो, आणि वर्षानुवर्षे एकेक सूर विझत जातो. हेच अक्षर आईत असणार, अशी माझी जवळजवळ खात्री आहे. आपण ओसरीवरून हाका मारायचो आणि ती स्वयंपाकघरात पाठमोरी उभी राहायची. आपण तिला 'भिंत' म्हणायचो. (तो शब्द माझा होता. अचूक शब्द निवडल्याचा मला तेव्हा अभिमान वाटला होता.)

मात्र 'असणार' हा पुरावा नव्हे. पुराव्यासाठी मला तुझी थुंकी हवी होती, म्हणून मी फोन केला. स्पष्ट उच्चारात तीनदा म्हणाले, "थुंकी पाठव." माझ्या अंदाजाने तू उत्साहाने म्हणालास, "अगं, एवढंच ना? पाठवतो की!" शुक्रवारी प्रयोगशाळेत अठरा पौंडांची टर्की आली. डीड्राने पावतीवर सही केली आणि विचारले, "बाई, हिचा नमुना कुठून घ्यायचा?"

तुझी आज्ञाधारक बहीण,
ऑर्टन्स

ता. क. टर्की उत्तम होती. मीठ कमी.

ता. क. २. मुख्य काम राहिले. सोबत नळी आहे. अर्धा तास कॉफी न पिता तीत थुंक. पियानोचे सूर जुळवणाऱ्याचे कान कधी बिघडत नाहीत, हे तुझे म्हणणे मी ऐकले आहे. वरच्या पट्ट्यांबद्दल तुझ्या गिऱ्हाइकांचे म्हणणेही. तुझ्यात तेच अक्षर निघाले, तर सोलांजमध्ये असण्याची शक्यता निम्मी. तिला ते कळायला हवे, आणि सांगायचे तू. मी सांगितले तर व्याख्यान होईल.

ता. क. ३. फोन करू नकोस. तू काय म्हणतोस ते मला गेले वर्षभर नीट ऐकू येत नाही. मी अंदाजाने 'हो' म्हणते. तूही तेच करतोस, असा माझा संशय आहे. थुंकणार की नाही, ते लेखी कळव. मोठ्या अक्षरांत नको. डोळे शाबूत आहेत.